गाडी फक्त धुवायची होती

सासऱ्यांनी गाडीची चावी हातात ठेवली तेव्हा जावयाला लग्नातसुद्धा फुटला नव्हता एवढा घाम फुटला. लग्नात त्यांनी फक्त मुलगी दिली होती. (तीही चार वेळा विचार करून.) गाडी मात्र त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्याही आधीची. लग्नानंतरच्या तीन वर्षांत जावयाला तिच्या दाराला हात लावायची परवानगी नव्हती.

"जावईबापू, फक्त धुवायची. चावी एकच आहे. पाचला मी तुमच्या सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे नेणार. चावी हरवलीत, तर..."

वाक्य तिथंच सोडून सासरे दुपारच्या झोपेला गेले.

जावयाच्या खिशाला भोक होतं, म्हणून त्याने चावी मुठीत धरून एका हाताने गाडी धुतली. मग आतून पुसायला बसला, तर पुढच्या काचेवरच्या कोपऱ्यात छताचं कापड सुटून त्याच्या डोक्याला टेकलं. एवढा कोपरा खोचून टाकू, असं त्याने ठरवलं. दोन हात लागणार, म्हणून चावी आधी जपून ठेवली.

कोपरा ओढला, तर शेजारचं कापड सुटलं. ते धरायला गेला, तर मागचं आलं. दोन मिनिटांत अख्खं छत खाली, आणि जावई आत, मच्छरदाणी अंगावर कोसळलेल्या माणसासारखा.

"अहो, आत आहात का?" बाहेरून बायकोचा आवाज आला.

"आहे."

"काय करताय?"

"धुतोय."

"छत?"

ती तशीच मागे वळली. नाक्यावरच्या, गाड्यांच्या गाद्या-छतं शिवणाऱ्या कुशनवाल्या काकांना घेऊनच आली.

"कुणी ओढलं?" काकांनी विचारलं.

"सुटलंच होतं हो."

"कोपरा आपला आपण सुटतो. बाकीचं माणूस सोडवतो."

काकांनी कापड हळूच उचललं. आत धनुष्यासारख्या वाकवलेल्या पाच तारा होत्या, कापडाला शिवलेल्या नेफ्यांतून ओवलेल्या. जावई बघतच राहिला. तीन वर्षं तो हिला नुसती गाडी समजत होता!

"मधली तार आधी ताणायची," काका म्हणाले. "मग पुढच्या, मग मागच्या. कडा शेवटी. घरातही असंच असतं. मधलं माणूस सांभाळलं की बाकीचे आपोआप ताठ."

"आमच्याकडे मधलं माणूस म्हणजे सासूबाई."

"मग बोलू नका. कापड धरा."

काकांनी कडेच्या पत्र्याला चिकटवायचं सोल्यूशन लावलं, कापड बोटांनी चापून बसवलं आणि वर दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावले. तरी मधे सुरकुत्या होत्याच. मग त्यांनी किटलीत पाणी उकळून आणलं आणि वाफेची धार छताखालून फिरवली. एकेक सुरकुती जावयाच्या डोळ्यांदेखत विरून गेली. कापड ताशासारखं ताणलं गेलं. जावयाने श्वास रोखला होता. (तो सोडायची आठवण बायकोने करून दिली.)

पाचला सासरे आले, आत बसले आणि त्यांनी वर बघितलं. मग हळूच म्हणाले, "हिला घरी आणली, त्या दिवशी असं होतं."

"जावयांनी फार मनापासून धरलं," काका म्हणाले. कुणी ओढलं, हे ते मोठ्या मनाने विसरले.

सासऱ्यांचे डोळे पाणावले. "जावईबापू, आजपासून गाडी तुम्हीही चालवायची. द्या चावी."

जावयाने मूठ उघडली. रिकामी. त्याची नजर हळूहळू वर गेली. काकांनी त्या नजरेमागोमाग छतावर बाहेरून थाप मारली.

खळ्ळ.

"कापडामागच्या पत्र्याच्या खाचेत ठेवली होती," जावई पुटपुटला. "पडू नये म्हणून."

"मग कोपरा सोडवा की पुन्हा!" बायको म्हणाली.

"खबरदार!" तीन आवाज एकदम आले. एक सासऱ्यांचा, एक काकांचा. तिसरा कुणाचा, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं, तर तो जावयाचाच होता. असल्या छताला हात लावायला माणसाचं काळीज दगडाचं लागतं.

चावीवाल्याला सकाळी बोलवायचं ठरलं. पण सासूबाई नटून तयार होत्या, आणि त्यांना थांबा म्हणायची कुणाची छाती नव्हती. जुनी गाडी, चावीवाचूनही स्टिअरिंग वळत होतं एवढंच नशीब.

दुसऱ्या गल्लीच्या चढावर शेजारी भेटले. "काय हो, गाडी बंद पडली वाटतं?"

"बंद पडायला काय झालं तिला?" सासऱ्यांनी आत स्टिअरिंग धरून, छतावरची नजर न काढता उत्तर दिलं. "आज जावईबापू चालवताहेत!"

मागून ढकलता ढकलता जावयाने मान डोलावली, आणि छतातून चावी खळखळली.