आमच्या घरी दैन्य आणलं तेव्हा

पेपर वाचताना माणसानं कुणालाही 'हो' म्हणू नये. जेवताना म्हणावं, झोपेत म्हणावं, पण पेपर वाचताना नाही. कारण तेव्हा आपण कशाला 'हो' म्हटलं हे आपल्याला दुपारी कळतं, आणि तोवर माणसं दारात येऊन उभी असतात.

"बाबा, आमच्या ग्रुपला मखमलाबादला मळ्यावर न्याल? मोठ्या काकांकडे? शूटिंग करायचंय."

"हो," मी म्हटलं. आणि पान उलटलं.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. आमची मोहिनी तेव्हा मास कम्युनिकेशन नावाचा कोर्स करत होती. त्यात नेमकं काय शिकवतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की मी 'पत्रकारितेसारखं काहीतरी' म्हणायचो, आणि आमची सौ. प्रतिभा 'तिला टीव्हीत जायचंय' असं सांगायची, जणू टीव्ही म्हणजे एखादं खातंपितं सासरच. शेवटच्या वर्षाच्या मार्कांसाठी मुलांना एका सामाजिक वास्तववादी चित्रपटाचा ट्रेलर करायचा होता.

"आणि पिक्चर कधी करणार?" मी विचारलं.

"पिक्चर नाहीये, बाबा. नुसता ट्रेलर."

म्हणजे लग्न नाहीच, फक्त पत्रिका छापायची! पण शिक्षणाबद्दल आपण बोलू नये. आपण सरकारी कचेरीतले कारकून.

या नसलेल्या चित्रपटाचं नाव होतं 'करपट', आणि दिग्दर्शक होता भारत. त्याचे वडील बिल्डर. गंगापूर रोडला त्यांचा बंगला इतका मोठा की त्यात आमची अख्खी सोसायटी पाहुणी म्हणून राहिली असती. मात्र भारतनं दाढी वाढवलेली, अंगात चुरगळलेला खादीचा कुडता आणि खांद्याला झोळी. झोळीला ठिगळ होतं. (झोळी कुठेही फाटलेली नव्हती. ठिगळ शिंप्याकडून लावून घेतलं होतं, हे मोहिनीनं मला नंतर कौतुकानं सांगितलं.) कॅमेरामन लखन हा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या चुलत्याच्या हाताखाली तयार झालेला. त्यामुळे बाई दिसली की आधी दागिन्यांवर आणि मग थेट जेवणाच्या ताटावर जायची त्याच्या कॅमेऱ्याला सवय होती.

मळ्यावर मोतीरामदादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, अंगणात सडा घालून खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. भारतचा चेहरा तिथेच पडला. त्याला खुर्च्या नको होत्या. त्याला भेगा पडलेली जमीन हवी होती, आणि दादाकडे तर दोन विहिरी. एवढ्यात आमची कलाबाई वहिनी बाहेर आली. येवल्याची मोरपिशी पैठणी, नाकात नथ, डोक्यावरून पदर.

"काकू," भारत कळवळला, "तुम्ही रोजच्यासारखं लुगडं नेसा ना."

"आता गं बया! शूटिंगला रोजचं लुगडं? माझ्या माहेरची माणसं बघतील तर काय म्हणतील? मालकानं नेसायला बी ठेवलं नाय?"

लखनचा कॅमेरा तोवर नथीवर पोचला होता.

मग भारत दादाकडे वळला. मांडी घालून मातीत बसला आणि खोल आवाजात म्हणाला, "काका, तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख सांगा."

दादानं बराच वेळ विचार केला. पाहुण्याला हात हलवत पाठवायचं त्याच्या जिवावर येतं.

"दुःख... तसं काय नाय बघा. मागल्या साली टमाट्याला भाव नव्हता. औंदा हाय."

"भाव नव्हता तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"वाटायचं काय? ढोरांना घातले. ढोरं लय खूश!"

वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि ठेचा असं सगळं चापून झाल्यावर भारतनं मला बाजूला घेतलं आणि गंभीरपणे सांगितलं, "काका, इथे वास्तव नाहीये."

मी चकित झालो. माझा सख्खा भाऊ, त्याची बायको, गोठा, मोटार, टमाटे हे सगळं वडिलांच्या वेळेपासून इथे आहे, आणि वास्तव नाही! या मंडळींचा सामाजिक वास्तववाद म्हणजे काय ते मला त्या दिवशी थोडंफार कळलं. जे समोर आहे ते हलवायचं, आणि जे नाही ते आणून ठेवायचं. (आमच्या कचेरीतही तपासणीच्या आदल्या दिवशी हेच करतात. फक्त त्याला कला म्हणत नाहीत.)

मी चेहरा पाडून उभा होतो. खरं सांगायचं तर ठेचा जरा जास्त झाला होता आणि पोटात कालवाकालव सुरू होती. भारत दोन पावलं मागे सरकला.

"काका, असेच थांबा. हलू नका. लखन, बघ! काकांच्या चेहऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचं दैन्य आहे!"

शहाण्या माणसानं यावर त्याच्या कानाखाली वाजवली असती. मी लाजलो. आजवर माझ्या चेहऱ्याबद्दल इतकं बारकाईनं कुणी बोललंच नव्हतं. प्रतिभानं एकदा पाहिलं होतं, बघण्याच्या कार्यक्रमात, आणि त्यावर ती आजपर्यंत काही बोललेली नाही.

तर अशा रीतीनं मी नायक झालो. जागाही मीच सुचवली: आमचं घर. प्रतिभा भाच्याच्या बारशाला इगतपुरीला गेली होती, तिच्या भावाकडे. तो समाधान, रेल्वेत असतो. म्हणजे घर मोकळं होतं. रविवारी सकाळी मंडळी आली. मी दोन दिवसांची दाढी राखून, ठिकठिकाणी भोकं पडलेला बनियन घालून तयार होतो. (बनियन वेगळा आणावा लागला नाही. वास्तववादाला लागेल ते माझ्या कपाटात होतं.)

भारतनं घर पाहिलं आणि मान हलवली. "फार सुखी दिसतंय."

"सॉरी," मोहिनी ओशाळून म्हणाली. "आमचं घर फारच मध्यमवर्गीय आहे."

पोरीनं माफी मागितली! ज्या घरात एकेक वस्तू तिच्या आईनं घासाघीस करून आणली, त्या घराबद्दल! मला चार शब्द सुनावायचे होते, पण लखन म्हणाला, "काका, फ्रिजला जरा हात लावा."

फ्रिज जिन्यात गेला. पाठोपाठ टीव्ही, सोफा, शोकेस आणि शोकेसमधली काचेची बदकं. उरला फक्त एक पाट, एक ॲल्युमिनियमचं पातेलं आणि हॉलची भिंत. ही भिंत प्रतिभानं नुकतीच रंगवून घेतली होती. फिकट पिस्ता. मनासारखी छटा येईपर्यंत तिनं रंगाऱ्याला इतक्या वेळा रंग कालवायला लावला की शेवटी तो गावी निघून गेला आणि त्याच्या भावाला येऊन काम पुरं करावं लागलं.

"ही भिंत चुलीच्या धुरानं काळवंडलेली हवी," भारत म्हणाला.

"आई मला जिवंत ठेवणार नाही," मोहिनी म्हणाली.

"मोहिनी, कलेला आई नसते."

या वाक्यावर मी खरं म्हणजे भानावर यायला हवं होतं. पण माझ्यातला नायक आता जोरात होता. 'कोळशाची पूड आहे, ओल्या फडक्यानं पुसली की जाते,' असं मीच म्हणालो. कोळशाची पूड पाण्यात मीच कालवली आणि पहिला हातही मीच मारला. डिस्टेंपर ती पूड अशी प्यायला की जन्माची तहानलेली भिंत असावी. मग भारतनं ओलं गोणपाट पेटवून धूर केला, मला पाटावर बसवलं, तोंडाला काजळी फासली आणि बजावलं, "काका, काहीही झालं तरी भूमिकेतून बाहेर यायचं नाही. छत कोसळलं तरी."

छत कोसळलं नाही. समोरच्या यशोदाबाई आल्या.

त्यांना आधी जिन्यात फ्रिज दिसला. मग बदकं दिसली. मग दारातून धुराचे लोट, आणि धुरात पाटावर बसलेला मी. (बाकी मंडळी धुरापलीकडे स्वयंपाकघरात, कॅमेऱ्यामागे, शॉट चालू म्हणून चिडीचूप होती.)

"अगं बाई! विधाते भाऊजी! काय झालं हो?"

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दैन्यानं पाहिलं.

"कुणाला लागलं का? मोहिनी कुठाय?"

मी एक खोल उसासा टाकला आणि मान खाली घातली. (तो माझ्या अभिनयाचा सर्वोच्च क्षण होता.) यशोदाबाई तोंडाला पदर लावून पळाल्या त्या थेट फोनकडे. इगतपुरीला त्यांनी काय सांगितलं ते मी नंतर जुळवलं: घराला आग लागली, सामान बाहेर काढलंय, भाऊजी काळेठिक्कर पडलेत, वाचा गेलीय, आणि पोरीचं विचारलं तर मान खाली घालतात.

दुपारी समाधानच्या मित्राची जीप आमच्या दारात कचकन थांबली. प्रतिभा धावत जिना चढली. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी तशीच होती. आधी तिनं मोहिनीला छातीशी धरलं, चाचपलं, पुन्हा धरलं. मग ती माझ्याकडे आली. डोळे रडून सुजले होते. तिनं माझा काळा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "वाचलात हो! घर जळू दे मेलं. तुम्ही वाचलात."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. आमच्या घरातला एकमेव वास्तववादी क्षण तो हाच. आणि लखन त्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता.

"रडू नकोस," मी भारावून म्हणालो. "आग वगैरे काही नाही. भिंत मीच काळी केली."

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. भारतनं बजावलंच होतं, भूमिकेतून बाहेर यायचं नाही म्हणून.

प्रतिभाचे हात माझ्या गालांवरून खाली आले. तिनं भिंत पाहिली. तळहाताला लागलेली काजळी पाहिली. तोवर लखनची नवी बॅटरी बसवून झाली होती आणि कॅमेरा सुरू होता.

"तुम्ही? स्वतःच्या हातानं?"

"कलेसाठी..."

"कसली कला? आयुष्यात एक खिळा सरळ ठोकला नाही भिंतीत, नि काळं फासायला बरा हात चालला! अहो, मी दोन महिने त्या रंगाऱ्याच्या मागे फिरले. का? तर पोरीला बघायला माणसं येतील तेव्हा घराकडे बघून कुणी नाक मुरडायला नको म्हणून. माझ्या बापाच्या घरी कुडाच्या भिंती होत्या, पावसाळाभर पाझरायच्या. सारवून सारवून माझ्या आईची बोटं गेली. तेव्हा ठरवलं होतं मी, माझी भिंत कोरडी नि स्वच्छ असेल. तुम्हाला गरिबी बघायची होती? मला विचारायचं! मी सांगितली असती! घर काळं कशाला केलंत?"

आणि ती मटकन पाटावर बसली. मोहिनी आईजवळ जाऊन बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. समाधाननं मुकाट्यानं फ्रिज उचलायला घेतला. मी काय केलं? मी दाराशी जाऊन बदकं आत आणली.

भारत मात्र कानाशी कुजबुजला, "मिळालं, काका."

पुढचे पंधरा-वीस दिवस मी घरात पाहुण्यासारखा राहिलो. भिंत तीनदा धुतली, तिच्यावर दोनदा रंग दिला, तरी खालून करडी ढगाळ छटा डोकावतच राहिली. मोहिनीनं तो प्रसंग ट्रेलरमध्ये घ्यायच्या आधी आईला विचारलं, हे मात्र खरं. "घे," प्रतिभा म्हणाली. "कळू देत लोकांना."

कॉलेजच्या सभागृहात ट्रेलर दाखवायचा दिवस आला. मी सफारी शिवून घेतला होता. कचेरीतल्या मंडळींनाही बोलावलं होतं, कारण नायकाला स्वतःची माणसं लागतात. परीक्षक म्हणून मुंबईहून एक समीक्षक आले होते. ते डोळे मिटून चित्रपट बघत. (त्यामुळे त्यांना आतलं दिसतं असं म्हणत.)

ट्रेलर सुरू झाला. आधी दादाच्या गाई. मग धूर. भरपूर धूर. त्या धुरात कुठेतरी मी पिढ्यान्‌पिढ्यांच्या दैन्यानं बसलो होतो, असं मला पक्कं ठाऊक होतं म्हणून दिसलं. आणि मग पडदाभर प्रतिभा. शेवटी काळा पडदा, 'करपट', आणि टाळ्या थांबेनात.

समीक्षक उठले. "या बाई विलक्षण आहेत," ते म्हणाले. "आणि दिग्दर्शकाचं धाडस बघा. समोर एकही पात्र ठेवलेलं नाही! ती एकटी स्त्री त्या काळ्या भिंतीशी बोलते आहे. उत्तर नाही, हालचाल नाही. हे एकाकीपण मी इतक्यात पडद्यावर पाहिलेलं नाही."

मला राहवलं नाही. मी जागेवरूनच म्हणालो, "साहेब, समोर मी आहे."

"कुठे?"

"भिंतीच्या पुढे. डावीकडे."

लखननं तेवढाच भाग पुन्हा लावला. समीक्षकांनी या वेळी डोळे उघडले. साऱ्या सभागृहानं डोळे ताणून पाहिलं. मीही पाहिलं. काळा चेहरा, काळा बनियन, काळी भिंत. 'तो कोपर आहे बहुतेक,' कचेरीतलं कुणीतरी म्हणालं.

परीक्षकांनी प्रतिभाला स्टेजवर बोलावलं, हातात माइक दिला आणि आदरानं विचारलं, "ताई, समोर कुणी नसताना नुसत्या भिंतीशी इतकं खरं बोलायला कसं जमलं?"

प्रतिभानं पदर सावरला. "त्यात काय जमायचंय सर," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून रोज बोलतेय."

सभागृह कोसळलं. माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती. आता तरी लोकांना कळावं की ती भिंत म्हणजे मीच, म्हणून मी सफारी ठीक करून उभा राहिलो आणि चारी बाजूंना नमस्कार केला.

"ओ काका," मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसा ना! बाई दिसत नाहीयेत."