साहेबांची शेवटची लस

जंगलातले मिथुन दहा मिनिटांत हजर करतो, असं मी आमच्या उपसंचालक डॉ. ओयिन पादुंग साहेबांना फोनवर ठणकावून सांगितलं होतं. पशुवैद्यकाची पदवी अगदी ताजी होती!

साहेब शनिवारी निवृत्त होणार होते. अकरा वर्षं इटानगरच्या कचेरीत त्यांनी जनावरांच्या फायली तपासल्या. जनावर काही हाताला लागलं नाही. म्हणून निरोपसमारंभ त्यांनी मुद्दाम सियांग नदीकाठच्या आमच्या गावी ठेवला. मला हळूच म्हणाले, "एक लस माझ्या हातानं टोचू दे रे. मग खुशाल घरी बसवा."

मिथुन म्हणजे गव्याचे चुलतभाऊ. राहतात डोंगरात आणि येतात फक्त मालकाच्या हाकेला नि हातावरच्या मिठाला. मालक कालिंगकाकांना आता चढ चढवत नाही. मी त्यांची हाक मोबाइलवर घेतली आणि मंडपाच्या भोंग्यांतून डोंगराकडे सोडली. दहा मिनिटं झाली, तास झाला. एक कोंबडी आली.

काका म्हणाले, "हाक मारून माणूस गप्प बसतो, डॉक्टर. त्यांना पायी यायचंय."

मी ओशाळून मोबाइल बंद केला. समारंभ सुरू झाला. साहेब हारांच्या आडून डोंगराकडेच बघत होते.

संचालकांचं भाषण रंगात आलं आणि मागचं बांबूचं कुंपण कडाडलं. तेवीस मिथुन! हाक भोंग्यातून आली, तेव्हा मीठही तिथंच असणार, या हिशेबानं ते थेट व्यासपीठावर चढले. हार खाल्ले, सत्काराची शाल चघळली. संचालक धान्याच्या कोठारावर चढले. वयाच्या मानानं फार चपळाईनं.

साहेब तेवढे खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी शेजारी वाढून ठेवलेल्या पानातलं मीठ तळहातावर घेतलं. "ये बाई." एका म्हाताऱ्या मादीनं हात चाटला. साहेबांनी तिच्या मानेत लस टोचली. सुई काढल्यावरही तिच्या मानेवरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

कोठारावरून संचालकांनी विचारलं, "पादुंग, किती झाल्या?"

"माझी झाली, साहेब. बाकीच्या या डॉक्टरच्या."

उरलेल्या बावीस मी टोचल्या. संचालक खूश झाले. इतका हुशार माणूस जंगलात कुजतोय कशाला, म्हणाले. सोमवारी हुकूम आला: इटानगर, पादुंग साहेबांच्या फायली माझ्याकडे.

टेबलाच्या खणात मिठाची पुडी ठेवली आहे. खिडकी डोंगराकडे उघडते. अजून कोणी आलेलं नाही.