बिडाचा तवा

आमच्या घनसावंगीत नामदेव मिस्त्रींना घरी बोलवायचं म्हणजे घरातलं लोखंड लपवून ठेवावं लागतं. दारात आले, की रामराम करायच्या आधीच खिशातून वीतभर हातोडी काढून ते खिडकीचा गज वाजवतात आणि कान देतात. "टण्ण वाजलं. साधं लोखंड. वाकंल, पन तुटनार न्हाई." मग शिलाई मशीनचा पाय. तो ठक्क वाजतो. "हे बीड. ओतीव लोखंड. वाकनार न्हाई, डायरेक्ट तुटंल!" चहा येईपर्यंत आमच्या सगळ्या घराची तपासणी झालेली असते.

त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानाची आणि माझ्या ओट्याची भिंत एकच. त्यामुळे तहसील कचेरीतून निवृत्त झालो खरा, पण विश्रांती काही नशिबात नव्हती. कुणी पंपाचं फुटकं झाकण आणलं, की मिस्त्री ते आधी ग्राइंडरवर धरून मला हाक मारतात. "ठिणगी बघा भाऊसाहेब! लाल, आखूड, जल्दी विझली. बीड! यात कार्बन लई, म्हनून कडक, पन ठिसूळ. गजाची ठिणगी बघा, कशी लांब जाते." मग गिऱ्हाइकाला निकाल: "बीड जोडून टिकत न्हाई. बिलकुल न्हाई. भंगारात टाका." हे मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एका वस्तूला हातोडी लावायची त्यांना बंदी होती. तो त्यांच्या बायकोचा, कौसाबाईंचा बिडाचा तवा. आई वारल्यावर माहेरातून कौसाबाईंनी तेवढाच मागून आणला होता.

दिवाळीला हसनाबादहून लेक-जावई आले. जावयानं सहज विचारलं, "मामा, बीड वळखायचं कसं?" झालं! मिस्त्रींनी तोच तवा उचलला. एकदा वाजवला. जावयाला नीट ऐकू यावं म्हणून दुसऱ्यांदा जरा जोरात वाजवला. तव्याचे दोन तुकडे झाले.

कौसाबाईंनी दोन्ही तुकडे उचलून कोपऱ्यात ठेवले. लेकीबरोबर आठ दिवसांसाठी म्हणून हसनाबादला गेल्या, त्या संक्रांत झाली तरी परतल्या नाहीत.

मला मिस्त्रींचा रागच आला होता. पण मग दिसलं, की हा माणूस रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते दोन तुकडे कोळशावर तापवतोय, पितळेनं सांधतोय आणि राखेत पुरून ठेवतोय.

"बीड सावकाश गार करावं लागतं," ते म्हणाले. "न्हाईतर तडकतं."

"तुम्हीच तर म्हणता, बीड जोडून टिकत नाही."

"ते गिऱ्हाइकाला म्हंतो मी."

तीनदा सांधा सुटला. परवा सकाळी चौथ्यांदा त्यांनी तवा राखेतून काढला. मधोमध पितळेची वाकडी रेघ होती.

"वाजवून बघा की," मी म्हणालो.

त्यांचा हात खिशाकडे गेला. हातोडी बाहेर आली आणि तशीच थांबली. मग त्यांनी ती माझ्या ओट्यावर ठेवली.

"तुमच्यापाशी राहू द्या. हसनाबादला निघून राह्यलो."

तवा उपरण्यात गुंडाळून पोटाशी धरला आणि ते जीपमध्ये बसले. माझ्यानं राहवेना. विचारलं, "मिस्त्री, सांधा टिकेल का?"

"सांध्याचं म्हाईत न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "मी भंगारात टाकला न्हाई, एवढं तिला दिसू द्या."