टॉप मॉडेल आणि अळूचे क्रेट

खडकाळ, निसरड्या आणि चिखलाच्या रस्त्यांची सर्वांत जास्त काळजी ज्या देशात असे रस्तेच नाहीत, तिथल्या माणसाला असते. हे रास्तच आहे. ज्याच्या दारात रोज चिखल असतो तो पाय धुतो आणि आत येतो, त्याला काळजी करायला सवड कुठली?

नेदरलँड्स हा देश परातीसारखा सपाट आहे. इथे डांबर संपलं की चिखल लागत नाही, सायकलींचा रस्ता लागतो, आणि त्याच्यापलीकडे कालवा. इथल्या सर्वांत उंच डोंगरावर लोक सायकलवरून आइस्क्रीम खायला जातात. अशा प्रतिकूल परिस्थितीत अंबरीश पाटणकरने डोंगरदऱ्यांत चालणारी पिकअप घ्यायचं ठरवलं, याबद्दल खरं तर त्याचा सत्कार व्हायला हवा होता. (झाला. तो पुढे येईल.)

अंबरीश आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तपासतो. केसाच्या जाडीचे हजार तुकडे केले तर त्यातला वाकडा कोणता, हे तो सांगू शकतो. असा माणूस घरात असणं ही मोठी सोय असते. (घर घेतल्यापासून भिंतीवर एकही चित्र लागलेलं नाही. योग्य उंचीचा अभ्यास चालू आहे.)

त्याची बायको उत्तरा लग्नानंतर 'डिपेंडंट' असा शिक्का असलेल्या व्हिसावर इथे आली. शेतकीची पदवी होती. तिने वाखनिंगनला काचघरातल्या शेतीचा कोर्स केला आणि शेजारच्या योसचं बंद पडलेलं काचघर अर्धं भाड्याने घेतलं. तिथे ती अळू, अंबाडी, मेथी आणि कढीपत्ता काढते. दोन हिवाळे तिने त्या काचघरात अक्षरशः घातले. पहिल्या वर्षी सगळा अळू सडला, तेव्हा ती दाराशी बसून रडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफे करायला गेली.

मग हूफडॉर्पच्या साधनाताईंनी तिला विचारलं. साधनाताईंचं तिथे वाणसामानाचं दुकान आहे, आणि विमानाने येणारा अळू त्यांच्याकडे पोचेपर्यंत मान टाकतो. त्या म्हणाल्या, "हे बघ उत्तरा, पाडव्यापासून दर बुधवारी दुकान उघडायच्या आत माल दारात हवा. तीन महिने एकही खाडा झाला नाही तर भाजीची अख्खी मांडणी तुझी. एक जरी झाला, तर मला आपला विमानवालाच बरा."

त्या रात्री जेवताना उत्तरा म्हणाली, "अंबरीश, मला मागे उघडा हौदा असलेली साधी गाडी हवीय. जुनी चालेल. क्रेट मावले म्हणजे झालं."

अंबरीशने आमटीचा भुरका अर्ध्यावर थांबवला.

"साधी?" तो म्हणाला. "अगं, गाडी काय रोज घेतो का आपण? एकदाच घ्यायची तर नीट अभ्यास करून घेऊ. मला दोन आठवडे दे."

उत्तराने ते दिले. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

अभ्यासाची सुरुवात अर्थातच तक्त्याने झाली. गाडी निवडताना कोणत्या मुद्द्याला किती वजन द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर माणूस भावनेच्या भरात गरजेची वस्तू घेऊन बसतो. बऱ्याच विचारांती वजनं ठरली ती अशी:

पुण्याला गाडीने जाण्याची शक्यता: पस्तीस टक्के
पुढे विकताना येणारी किंमत: पंचवीस टक्के
रंग: अठरा टक्के
मित्रमंडळींचं मत: बारा टक्के
वाटेत अचानक वाळवंट लागल्यास: सहा टक्के
इतर (क्रेट वगैरे): चार टक्के

यातल्या पहिल्या मुद्द्याबद्दल थोडं सांगायला हवं. आइंडहोवन ते कोथरूड गाडीने जायचं हे अंबरीशचं जुनं स्वप्न होतं. त्याला वर्षाला मिळणारी रजा इराणच्या अलीकडेच संपत होती, पण हा दोष रजेचा होता, गाडीचा नव्हे. दुसरा मुद्दा तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. गाडी घ्यायची असते ती पुढच्या मालकासाठी. आपण मध्ये काही वर्षं ती पुसायची, सांभाळायची आणि तिच्या सीटवरचं प्लास्टिक शक्य तितका काळ काढायचं नाही.

गाडी ठरली 'काल्डेरा'. तिचे प्रकार पाच: वर्क, ट्रेल, ट्रेल प्लस, एक्सपिडिशन आणि एक्सपिडिशन शेर्पा एडिशन. 'वर्क' पांढरी असते, तिला मागे उघडा हौदा असतो आणि तिच्यात माल भरतात. कंपनीने तिचा फोटो माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, पत्त्याच्या वर, छोटासा छापला होता. अंबरीशने तो पाहिला आणि पान उलटलं.

तरीही एका दुपारी त्याची चलबिचल झाली. म्हणून त्याने आर्नहेमच्या शिरीषला फोन केला. शिरीष वीज कंपनीत आहे आणि त्याने दोनदा जवळजवळ पिकअप घेतली होती, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा मानतात.

"अरे वेडा आहेस का?" शिरीष म्हणाला. "घ्यायची तर टॉप घे. नाहीतर सिग्नलला बाजूला टॉप येऊन उभी राहते आणि जीव नुसता तळमळतो."

नेदरलँड्समध्ये शेर्पा एडिशन बाजूला येऊन उभी राहण्याचा संभव किती, हे अंबरीशने काढलं. तो फारच कमी आला. पण एकदा जरी राहिली तरी काय, असा विचार करून त्याने तो आकडा खोडला.

मग रंगाचा प्रश्न आला. रंग तीन होते: ग्लेशियर पांढरा, बेसॉल्ट काळा आणि डेझर्ट ड्यून मॅट. मॅट धुवायला अवघड, पण दिसायला, अहाहा! चकाकी नाही, गर्व नाही, नुसती वाळू. अंबरीशने मराठी मंडळाच्या ग्रुपवर मत मागवलं आणि ग्रुप शहारून उठला. एकशे सदुसष्ट जणांनी रंगाबद्दल मत दिलं. (त्यांपैकी पिकअप असलेले: शून्य.) मॅटवर पक्ष्यांची शिट दिसते का, यावर दोन डॉक्टरेट असलेल्या गृहस्थांचं आपसांत बोलणं बंद झालं ते अजून सुरू नाही. त्याच आठवड्यात उत्तराने ग्रुपवर विचारलं होतं की रविवारी काचघरात पानं खुडायला कोणी येईल का. त्यावर एक अंगठा आला. तो चुकून आला होता, नंतर काढण्यात आला.

पाडवा आला. अभ्यास संपला नव्हता. उत्तराने गुढी उभारली आणि गाडीचं विचारलं.

"अगं, आता जादा सोयींच्या पॅकवर आलोय," अंबरीश म्हणाला. "इथे घाई केली की मेलो."

ते ऐकून शेजारचा योस म्हणाला, "माझी जुनी गाडी ने. मागे ट्रेलर लाव." योसची गाडी म्हणजे एक खोकणारं छोटं लाल खोकं होतं, पण तिच्या पाठीशी ट्रेकहाक, म्हणजे ट्रेलर ओढायचा हूक होता. उत्तरा त्या लाल खोक्यामागे अळूचा ट्रेलर लावून दर आठवड्याला हूफडॉर्पला जाऊ लागली. अंबरीश या प्रकाराला 'तात्पुरती व्यवस्था' म्हणत असे.

इकडे पॅकचं काम जोरात होतं. उत्तराने एकच गोष्ट मागितली होती, मागे बघायचा कॅमेरा. पण कॅमेरा 'व्हिजन पॅक'मध्ये येतो, आणि 'व्हिजन' हे 'कम्फर्ट'शिवाय देत नाहीत. 'कम्फर्ट'मध्ये पाठ दाबून देणाऱ्या सीट असतात. त्यांना जादा बॅटरी लागते. ती बसते हौद्यात. बॅटरी उघड्यावर ठेवता येत नाही, म्हणून हौद्याला झाकण. झाकण आलंच आहे तर त्याखाली खण, आणि बॅटरी आहेच तर फ्रीज. खण रिकामे ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांत एक खोरं आणि वाळूत रुतल्यावर चाकाखाली घालायच्या फळ्या. यातली एकही पायरी चुकीची नाही. वाचकांनी हवं तर पुन्हा तपासावं.

पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून छतापर्यंत एक नळी मिळते. उत्तरा म्हणाली, "ही कशाला?"

"हूफडॉर्प समुद्रसपाटीच्या खाली आहे," अंबरीश गंभीरपणे म्हणाला. "तुझ्यासाठीच घेतोय."

शेवटी शोरूमच्या विक्रेत्याने विचारलं, "आणि ट्रेकहाक?"

अंबरीश हसला. "ओढणार काय मी? शिवाय त्याने मागची लाइन बिघडते."

विक्रेत्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला. या देशात मूल झालं की गेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंद करतात आणि गाडी घेतली की ट्रेकहाक लावतात. नोंदीचं कोणी एक वेळ विसरेल. पण ग्राहक टॉप मॉडेलवाला होता, आणि टॉप मॉडेलवाल्याला अडवायचं नाही असा त्या धंद्यातला शिरस्ता आहे.

गाडी आली ती तीन महिने संपत आले तेव्हा. डेझर्ट ड्यून मॅट. मंडळाचे लोक जमले, नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. अंबरीशच्या गळ्यात हार पडला (हाच तो सत्कार). योसने लिंबांकडे बघून विचारलं की ही पॅकमध्येच येतात का. गाडी पार्किंगच्या चौकटीत मावली नाही, नाक सायकलच्या रस्त्यावर आलं. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं की चौकट लहान आहे.

"आता तुमच्याकडे एवढी मोठी गाडी आली," योस उत्तराला म्हणाला, "तर मी सुट्टीला जातो." आणि लाल खोक्यामागे कॅरव्हॅन लावून तो फ्रान्सला गेला. ट्रेलर मात्र माणुसकीने ठेवून गेला.

आता एकच फेरी उरली होती. साधनाताईंची शेवटची. त्या दिवशी उजाडताच उत्तराने क्रेट काचघराबाहेर रचले. पानांवर अजून पाणी होतं. अंबरीशने बटण दाबून हौद्याचं झाकण उघडलं. (झाकण अतिशय सुंदर उघडतं.) आत बॅटरी, खण, फ्रीज, खोरं आणि फळ्या होत्या. उत्तराने एक क्रेट उभा, आडवा, तिरका घालून पाहिला. शेवटी तो रिकामा असताना गेला.

"मागच्या सीटवर ठेवू," ती म्हणाली.

"क्रीम लेदर आहे गं," अंबरीश कळवळून म्हणाला. "अळूचा डाग जन्मात निघत नाही. पुढे विकताना..."

"बरं. मग ट्रेलर लावू."

दोघं गाडीच्या मागे गेली आणि तिथे उभी राहिली. मागची लाइन खरोखरच बिघडलेली नव्हती. एवढ्यात त्यांची मुलगी अवनी शाळेला निघाली होती, ती सायकल थांबवून बघू लागली.

"बट बाबा," ती म्हणाली, "व्हेअर डू द क्रेट्स गो?"

उत्तरा चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हात पुसले आणि विचारलं, "अंबरीश, तुझ्या त्या तक्त्यात माझे क्रेट कुठे होते रे?"

"इतरमध्ये," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नाही.

तिने अवनीला पुढे जायला सांगितलं, स्वतःची सायकल काढली आणि चौकातल्या बांधकाम सामानाच्या दुकानात गेली. तिथे तासावर गाड्या मिळतात. परत आली ती पांढऱ्या काल्डेरात बसून. वर्क. मागे उघडा हौदा, त्याखाली ट्रेकहाक. क्रेट ओळीने बसले आणि वर जागा उरली. दुकानाचं शटर वर व्हायच्या आत ती हूफडॉर्पला पोचली.

अंबरीश तिच्या मागोमाग गेला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि वाटेत त्याने माफी कशी मागायची त्याचे मुद्देही काढले. (तीन. वजनं ठरायची होती.) तो दुकानासमोर उतरला तेव्हा उत्तरा एकटी क्रेट उतरवत होती. तो तिच्याकडे निघालाच होता, एवढ्यात साधनाताईंचे यजमान प्रकाशराव बाहेर आले, क्रेटना वळसा घालून थेट त्याच्या गाडीपाशी गेले आणि बोनेटवर हलकेच बोट फिरवत म्हणाले, "क्या बात है! मॅट का हो?"

अंबरीशचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत घरच्यांपैकी कोणी हे विचारलं नव्हतं. त्याने पहिल्यापासून सांगायला घेतलं. ते पक्ष्यांपर्यंत आले तोवर आत उत्तराने शेवटचा क्रेट ठेवला होता, साधनाताईंनी अळूचं पान हातात घेऊन "मांडणी तुझी गं बाई" म्हटलं होतं, आणि उत्तराने तो क्षण कुणाला तरी दाखवायला मागे वळून बघितलं होतं. मागे फक्त भाड्याची पांढरी गाडी होती.

आता वाचकांनी अंबरीशला हसून घ्यावं. हसून झालं की वर न बघता सांगावं, गाडीचा रंग कोणता होता? बघा, कसं चटकन आलं ओठांवर. बरं, आणि उत्तराचा माल साधनाताईंकडे कोणत्या वारी पोचायचा होता?

आठवत असेल तर आनंद आहे, रविवारी काचघरात खुडायला माणसं हवी आहेत. नसेल तर शोरूम उघडं आहे, आणि मॅट अजून शिल्लक आहे.