शेजारचे भगवानराव सोडून

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. पण दामूभाऊंबद्दल लिहायचंच आहे.

मस्तगडला आमच्या शेजारी दामूभाऊ एकटेच राहायचे आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. त्यांच्या घरात कुठल्याच यंत्राला झाकण नव्हतं. रेडिओ, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची आतडी बाहेर. म्हणायचे, "वहिनी, झाकलंय म्हंजी कायतरी लपवलंय."

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दुकानदारांसाठी त्यांनी मराठीत हिशेबाचा प्रोग्राम बनवला आणि फुकट वाटला, तोही आतली सगळी मांडणी उघडी ठेवून. "लाडवासोबत कृती बी देऊन राह्यलो. खा, बदला, वाटा, विका. फक्त कृती झाकू नका."

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भगवानरावांनी, नेमकी तीच झाकली. प्रोग्रामला कुलूप घातलं, वर स्वतःचं नाव टाकलं आणि चार शेठजींना विकला. मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

भाऊंना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी, तुम्हाला म्हाईत होतं?"

मी मान खाली घातली.

मग भाऊंनी प्रोग्राम कुणी कसा वापरायचा, त्याचा परवाना लिहिला: हा प्रोग्राम जगात कुणीही वापरावा, शेजारचे भगवानराव सोडून. तो त्यांनी परदेशातल्या एका संस्थेकडे पाठवला. परवाना खरोखर खुला आहे की नाही, हे ती संस्था तपासून सांगते. भाऊंचा सगळा जीव त्या मान्यतेत अडकला होता. उत्तर आलं, बाकी अटी बसतात, एक बसत नाही. कुठल्याही माणसाला वगळता येत नाही.

मालक खदाखदा हसले. "सगळी दुनिया चालते याला, मीच तेवढा न्हाई!"

भाऊंचा क्लास महिनाभर बंद होता. मग एका सकाळी त्यांनी ओट्यावरूनच कागद दाखवला. मालकांचं नाव खोडलेलं. "खुलं म्हंजी बिलकुल खुलं, वहिनी. त्यांना बी." एवढं म्हणून आत गेले.

मान्यता मिळाली. भाऊंनी पेढे वाटले, आमच्याकडे मात्र दुसऱ्याच्या हाती पाठवले.

भरपाई म्हणून मी माझ्या शिलाईचे पैसे घेऊन भाऊंकडे गेले, तर हात लावेनात. "माझे न्हाईत हे. विका म्हणून मीच सांगितलं होतं. ज्यांना कुलूप विकलं, त्यांना द्या."

मालकांना न सांगता मी वर्षभर ब्लाउज शिवले आणि एकेका दुकानात जाऊन आले. शेवटचे शेठजी म्हणाले, "बाई, कायचे पैसे हे?"

मी म्हणाले, "तो प्रोग्राम आमचा नव्हता. दामूभाऊंचा होता. फुकट होता."

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. शेठजींनी नोटा मोजून गल्ल्यात टाकल्या. सगळ्यांचे पैसे फिटले.