हरवलो तर कुठे?

भाऊकाका कुठेही पोचले की पाणीसुद्धा मागत नाहीत. आधी विचारतात, "हरवलो तर कुठे?"

म्हणजे चुकामूक झालीच, तर सगळ्यांनी कुठे भेटायचं? लग्न असो, सर्कस असो, कुणाचं बारसं असो, ती जागा ठरल्याशिवाय काका चपला काढायचे नाहीत. आमच्या लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन बजावलं, "गडबड झाली तर पाण्याच्या टाकीपाशी या." अविनाश अजून म्हणतो, "तेव्हाच टाकीकडे पळालो असतो तर सुटलो असतो!"

काका म्हणजे माझ्या शालूमावशीचे यजमान. निवृत्तीनंतर दिल्लीच्या पहाडगंजमधली भाड्याची जागा सोडून त्यांनी गाझियाबादला नवा फ्लॅट घेतला. तेव्हा सगळेच तिकडे राहायला निघाले होते. एकसारख्या इमारती, एकसारखी दारं. एकदा मावशी भाजी घेऊन भलत्याच इमारतीत शिरली आणि परक्याच्या कुलपाशी झटापट करत बसली. आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. पुढे ती गॅसवर दूध विसरायला लागली, मधूनच मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायला लागली, आणि आमचंही हसू आटलं.

त्या हिवाळ्यात अविनाशने नवी कोरी गाडी घेतली. मावशीने हट्ट धरला, मथुरेला जायचं, यमुना बघायची. काकांची कुरकुर सुरू: "फार गर्दी असते यार तिथे."

दुपारी घाटाजवळच्या बाजारात उतरलो. काकांनी पिवळ्या पाटीचं एक पेढ्यांचं दुकान हेरलं. "हरवलो तर इथे. बिल्कुल इथे." प्रत्येकाकडून वदवून घेतलं.

"आजोबा, आपण खोणारच नाही. चलो ना!" आमची लेक पिंकी तिच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाली.

"अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मावशीने नाक मुरडलं.

काय सुंदर दुपार होती! जुनी दगडी दारं, उबदार ऊन, दोन घरांच्या फटीतून मध्येच चमकणारी नदी. काका मात्र कशाकडेच बघत नव्हते. त्यांची नजर मावशीच्या हिरव्या शालीवर. तेवढ्यात गल्लीत एक दांडगा बैल घुसला. पळापळ झाली, आम्ही भिंतींना चिकटलो. बैल गेला आणि बघतो तर मावशी नाही.

धावत पेढ्यांचं दुकान गाठलं. तिथेही नाही. अविनाश पोलीस शोधायला पळाला. मी "मावशी, मावशी!" ओरडत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले.  पलीकडे खोल नदी, आणि हिला पोहताही येत नाही. काका मात्र पाटीखालून हलायला तयार नाहीत!

"ती येईल. ठरलंय आपलं."

माझा ताबाच सुटला. "काका, ठरलेलं तिच्या लक्षात राहत नाही आता! तुम्हाला कळत कसं नाही?"

ते मटकन दुकानाच्या पायरीवर बसले.  मग हळूच म्हणाले, "आजचं राहत नाही. जुनं राहतं."

आणि उठून तरातरा घाटाकडे निघाले. मी पिंकीला ओढत त्यांच्या मागे.

मावशी अगदी खालच्या पायरीवर बसली होती. साडीचा काठ ओला, मुठीत फुटाणे, समोर पाण्यात कासवं. काकांना बघताच कडाडली, "किती वेळ हो? कासवांच्या पायरीवर थांब म्हणालात आणि स्वतःच गायब!"

आज कासवांचं नावही कुणी काढलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं.

"लग्न होऊन महिनाही झाला नव्हता," ते मला म्हणाले. "ही गाव सोडून प्रथमच इकडे आलेली, हिंदी येत नव्हतं, घाबरलेली. म्हणून पहिल्यांदा ही जागा ठरवली होती."

आणि इस्त्रीच्या पॅंटची पर्वा न करता ते त्या ओल्या पायरीवर तिच्याशेजारी बसले.

"चुकलं माझं. मीच हरवलो होतो."

"मग! नीट लक्ष ठेवत जा," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या हातावर चार फुटाणे ठेवले.

ऊन उतरलं तसं आम्ही उठलो. काकांनी तिचा हात धरला आणि सवयीने विचारलं, पण अगदी हळू, "परत हरवलो तर कुठे?"

"इथेच की. अजून कुठे?"

गाझियाबाद तिथून कितीतरी लांब. तरी काका म्हणाले, "बिल्कुल. इथेच."