मौनीबाईची नोंद

शिशुवर्गाच्या नव्या बाईंना कायम करायचं की नाही, हे एका निळ्या वहीवर ठरणार होतं. वर्गातलं एक मूल निवडायचं, महिनाभर त्याच्याकडे बघायचं आणि ते काय काय करतं हे वेळेसकट लिहून काढायचं.

"डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा," मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाईंनी बजावलं होतं. "लाजलं, रुसलं, असली तुमची मतं नकोत."

नव्या बाईंनी उत्साहाच्या भरात निवडली मौनीबाई. हे नाव वर्गातल्या मावशींनी ठेवलेलं. चार वर्षांची ती पोर घरी म्हणे कोणाला बोलू देत नसे, पण शाळेत आल्यापासून मूग गिळून बसली होती. ती एक वाक्य बोलली असती तरी वहीचं सोनं झालं असतं. सव्वीस दिवस झाले तरी वहीत मात्र एकच रडगाणं: 'सव्वादहा. ठोकळे रचले. बोलली नाही. साडेदहा. ठोकळे पाडले. बोलली नाही.'

सत्ताविसाव्या दिवशी वर्गातल्या एका चौकस कार्ट्यानं विचारलं, "बाई, तुम्ही रोज काय लिहिता?"

"तुम्ही जे करता ना, ते," बाई खरं बोलल्या आणि फसल्या.

"मग लिहा, मी उडी मारली."

"माझी पण लिहा! माझी मोठी होती!"

बघता बघता रांग लागली. कोणी नाक पुसलं, कोणी बूट उलटे घातले. सगळं वहीत जायलाच हवं होतं. तेवढ्यात चौकस कार्टं शेजारणीला चावलं.

"अरे, का चावलास?"

"उड्या सगळ्यांच्याच झाल्या ना!"

"आणि मी रडले, ते पण लिहा," शेजारीण कोरड्या डोळ्यांनी म्हणाली.

"बाई, ती वही मिटा," मावशी कळवळून म्हणाल्या. "नाहीतर उद्या पोरं छपरावर चढतील."

बाईंनी वही मिटली आणि त्या पडद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. म्हटलं, तिथून गुपचूप बघावं. पण पाय खाली दिसत होते. एकवीस मुलं नाटक बघायला बसावं तशी पडद्यासमोर येऊन बसली आणि टाळ्या पिटू लागली. बाविसावी मौनीबाई कोपऱ्यात ठोकळे रचत होती.

तो गोंधळ ऐकून मोठ्या बाई आल्या. त्या एका चिमुकल्या खुर्चीत कशाबशा बसल्या, स्वतःची वही काढली आणि नव्या बाईंकडे बघत लिहू लागल्या.

नव्या बाईंची पाचावर धारण बसली. आवाजात एकदम मध आला. कधी नव्हे ते त्या हातवारे करून गाऊ लागल्या. बेडूक होऊन वर्गभर उड्या मारल्या. पेन जितकं भरभर चाले, तितक्या बाईंच्या उड्या उंच जात. "वा, शाब्बास! किती छान चावलास!" असंही त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मौनीबाई उठली. मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही जा ना," ती म्हणाली. "तुम्ही लिहिता म्हणून आमच्या बाई बिघडल्यात."

नव्या बाई एका पायावर तशाच थांबल्या.

"एरवी कशा असतात त्या?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

सव्वीस दिवसांचा बांध फुटला. "एरवी चपला काढून बसतात. मावशींच्या डब्यातलं खातात. कोणी रडलं की मांडीवर घेतात. मग त्यांच्या बाहीला शेंबूड लागतो, तरी घेतात. बाकीच्या बाई मला बोल बोल म्हणतात, ह्या नाही म्हणत. काल सगळे अंगणात गेले तेव्हा ती निळी वही बघून रडल्या. मी ठोकळ्यांच्या मागे होते."

मोठ्या बाईंचं पेन केव्हाच थांबलं होतं. "एवढं सांगितलं, पण एक मत नाही," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "आणा ती निळी वही. सही करते. उद्यापासून कायम."

नव्या बाईंना एवढं बरं वाटलं की ओठ घट्ट दाबूनही काही उपयोग झाला नाही.

मौनीबाईनं मोठ्या बाईंची बाही ओढली. "बघा, परत रडल्या," ती म्हणाली. "लिहा."